कृष्णेचं पाणी, एन्नोरची राख

नोकरी-धंद्यानिमित्त चेन्नईत येऊन इथेच रुजलेल्या मराठी बंधू-भगिनींनो,

हवामानबदल आणि स्वच्छ ऊर्जा हा विषय आयोजकांनी दिला. विषय आभाळाएवढा आणि वेळ तासाभराचा. म्हणून ध्रुवावरच्या बर्फाकडे आज मी जाणार नाही. आपल्या नळाला येणारं पाणी आणि आपल्या घरात जळणारी वीज यांचं चेन्नईत फार जवळचं नातं आहे. त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या शहरात पाण्याचा प्रश्न हा विजेचाही प्रश्न आहे. छपरावर पडलेला पाऊस जागच्या जागी जमिनीत उतरवणं हे ऊर्जेचं काम आहे, आणि गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याइतकीच त्याची निकड आहे. हे मला का वाटतं, ते आता सविस्तर मांडतो.

सुरुवात १९७६ सालापासून करू. त्या वर्षी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातलं प्रत्येकी ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मद्रास शहराला पिण्यासाठी द्यायचं कबूल केलं. एकूण १५ टीएमसी. वाटेतली वाफ आणि गळती वजा जाता तामिळनाडूच्या हद्दीवर १२. कृष्णेचं खोरं चेन्नईला कुठेच शिवत नाही. तरी महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या या नदीचं पाणी श्रीशैलमहून वळवायचं आणि सोमशिला, कंडलेरू असे टप्पे घेत चेन्नईजवळच्या पूंडी जलाशयात आणायचं, अशी ही योजना. तेलुगू गंगा तीच. करार झाल्यावर पाणी प्रत्यक्ष पोहोचायला वीस वर्षं लागली. ते आलं १९९६ साली. एकट्या कंडलेरू-पूंडी कालव्याची लांबी दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. त्याचे काठ ढासळले आणि पाणी वाटेतच मुरू लागलं, तेव्हा पुट्टपर्तीच्या सत्यसाई ट्रस्टने त्याची दुरुस्ती करून दिली. एवढं करूनही बहुतेक वर्षी ठरल्यापेक्षा बरंच कमी पाणी येतं, कारण ज्या वर्षी चेन्नई तहानलेली असते त्या वर्षी वरच्या राज्यांतही अनेकदा ओढाताण असते.

महाराष्ट्रात या कराराची आठवण आता फारशी कुणाला नाही. मला ती मोलाची वाटते. १९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्र तेव्हा नुकता उठत होता. खानापूर, आटपाडी, जत, माण हे कृष्णेच्याच खोऱ्यातले तालुके, पण कोरडे. त्या कोरडेपणानंच त्या भागातली माणसं देशभर पांगली. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा गलाईचा धंदा घेऊन विटा-खानापूरकडची कुटुंबं दक्षिणेतल्या शहराशहरांत गेली, चेन्नईच्या सराफ बाजारापर्यंत आली. म्हणजे कृष्णेकाठच्या मुलखातून पाण्याविना माणसं इथे आली आणि त्यांच्यामागून कृष्णेचं पाणीही आलं. आज आटपाडी-खानापूरच्या शिवारात टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी पोहोचतं, तेही पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून, आणि त्या योजनेपुढचा कायमचा प्रश्न वीजबिलाचा असतो. पाणी उचलायचं म्हटलं की वीज आलीच. सांगलीच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. शहरातल्या माणसाला मात्र सांगावं लागतं, कारण त्याचं पाणी नळातून येतं आणि वीज तारेतून. दोन्हींची बिलंही वेगवेगळी येतात.

आता एक हिशेब पाहू. या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मी त्यालाच मानतो.

कृष्णेची एक मोठी उपनदी म्हणजे कोयना. तिच्यावरचं धरण सुमारे १०५ टीएमसीचं. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली सोडता येतं. त्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा वीजप्रकल्प चालतो, आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. पाणी कोसळतं ती उंची साधारण पावणेपाचशे मीटर. भौतिकशास्त्राचा साधा नियम लावला तर हजार लिटर पाणी एवढं खाली उतरताना एक युनिटहून थोडी जास्त वीज देतं.

इकडे चेन्नईच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत. मीन्जूरचा २०१० साली सुरू झाला, रोज १० कोटी लिटरचा. नेम्मेलीचा २०१३ साली, तेवढ्याच क्षमतेचा. नेम्मेलीलाच १५ कोटी लिटरचा दुसरा प्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पेरूरला ४० कोटी लिटरच्या प्रकल्पाचं काम हाती घेतलेलं आहे. खारं पाणी प्रचंड दाबानं पडद्यांतून ढकलायचं आणि मीठ मागे ठेवायचं, ही पद्धत. अशा प्रकल्पात हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारण तीन ते चार युनिट वीज जाते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सह्याद्रीत आपण पाण्याची वीज करतो आणि हजार लिटरमागे एका युनिटहून थोडी जास्त मिळवतो. चेन्नईत विजेचं पाणी करतात आणि तेवढ्याच पाण्यासाठी तिच्या तिप्पट खर्च करतात. पेरूरचा प्रकल्प पूर्ण क्षमतेनं चालला तर, साडेतीन युनिटांच्या हिशेबानं, रोज १४ लाख युनिट लागतील. मध्यम वापराच्या दोन लाख घरांना पुरेल एवढी ही वीज आहे.

हे प्रकल्प उभारूच नयेत असं मी म्हणत नाही. २०१९चा उन्हाळा ज्यांनी इथे काढला त्यांच्यासमोर तसं म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम या शहराला पाणी पुरवणाऱ्या चार तलावांची मिळून क्षमता अकरा टीएमसीच्या आसपास आहे, म्हणजे कोयनेच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्या जून महिन्यात चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. खानावळींनी दुपारचं जेवण आखडतं घेतलं, आयटी कंपन्यांनी लोकांना घरूनच काम करायला सांगितलं, आणि टँकरची वाट पाहत माणसं रात्र-रात्र जागली. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून कावेरीचं पाणी घेऊन पहिली रेल्वे विल्लिवाक्कमला आली. ५० वाघिणी, २५ लाख लिटर.

आपल्यापैकी अनेकांना तेव्हा लातूर आठवलं असेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जी पाण्याची गाडी गेली तिच्यात कृष्णेचंच पाणी होतं. लातूर मराठवाड्याच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. चेन्नई समुद्रकाठी, वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडणारं शहर. लातूरच्या जवळजवळ दुप्पट पाऊस. दोघांवर एकच वेळ आली. चेन्नईची रोजची गरज तेव्हा ८० कोटी लिटरहून अधिक होती. रेल्वेच्या दिवसाला चार फेऱ्या झाल्या असत्या तरी एक कोटी लिटर, म्हणजे गरजेच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. पाणी दुरून आणून शहर जगवता येत नाही, हे त्या गाडीनं दाखवून दिलं.

आणि हेच शहर त्याच्या साडेतीन वर्षं आधी पाण्याखाली होतं. नोव्हेंबर २०१५मध्ये नुंगंबाक्कमला महिन्याभरात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, जमीन तुडुंब भरली होती, आणि १ डिसेंबरला तांबरम परिसरात चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. चेंबरंबाक्कममधून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं. अड्यार नदी घरांत शिरली, विमानतळ ६ डिसेंबरपर्यंत बंद राहिला. छापखान्यात माणसं पोहोचू शकली नाहीत म्हणून १८७८ साली सुरू झालेलं ‘द हिंदू’ पहिल्यांदाच निघालं नाही. २६ जुलै २००५ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या रात्रीचं वर्णन करून सांगायची गरज नाही.

हवामानबदलाचा आपल्यासाठीचा अर्थ या दोन वर्षांच्या मध्ये आहे. हवा एका अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. बंगालचा उपसागर तापतो आहे. वर्षाचा एकूण पाऊस फारसा न बदलताही तो थोड्या दिवसांत, मोठ्या सरींनी पडू शकतो आणि मधले कोरडे काळ लांबू शकतात. चेन्नईचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. वर्षाच्या निम्म्याहून जास्त पाणी या तीन महिन्यांत पडतं, आणि त्यातलंही बरंचसं मोजक्या दिवसांत. ते मोजके दिवस ज्या शहराला साठवता येतात ते शहर तरतं. ज्याला येत नाहीत ते डिसेंबरात बुडतं आणि जूनमध्ये तहानतं.

चेन्नईला हे एकेकाळी येत होतं. हा सपाट किनारी मुलूख आहे, डोंगर नाहीत, म्हणून मोठी धरणंही नाहीत. पूर्वजांनी उतारावर मातीचे बांध घालून एकाखाली एक अशा तळ्यांच्या साखळ्या बांधल्या. त्यांना इथे एरी म्हणतात. वरचं तळं भरलं की सांडवा खालच्यात, तिथून आणखी खाली, आणि शेवटचं पाणी दलदलीत किंवा समुद्रात. पूर्व विदर्भातली, भंडारा-गोंदियाची मालगुजारी तळी ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मैलापूरच्या कपालीश्वराचं तळं पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. ते या सगळ्या व्यवस्थेतलं नीट जपलेलं एक टोक आहे. बाकीचं कुठे गेलं? कांजीवरम घ्यायला आपण ज्या टी. नगरात जातो, तिथे शंभर वर्षांपूर्वी मैलापूरपासून नुंगंबाक्कमपर्यंत पसरलेलं एक लांबच लांब तळं होतं. १९२०च्या दशकात ते आटवून तिथे वसाहत आखली. पश्चिम मांबलमला आजही लेक व्ह्यू रोड आहे, त्या रस्त्यावरून तळं दिसत नाही. १९७६ साली उभं राहिलेलं वळ्ळुवर कोट्टम नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागी आहे. आपल्या मुंबईतही धोबीतलाव आणि गोवालिया टँक इथून आज बसगाड्या जातात. हे पाप एकट्या चेन्नईचं नाही.

सगळ्यात मोठं नुकसान दक्षिणेला झालं. पळ्ळिकरणैची दलदल एकेकाळी पन्नास चौरस किलोमीटरहून मोठी होती. दक्षिण चेन्नईच्या कितीतरी तळ्यांचं पाणी तिच्यात येऊन विसावायचं आणि सावकाश समुद्राकडे जायचं. तिच्या अंगावर शहराचा कचरा टाकला गेला, आयटीचा रस्ता गेला, कार्यालयं आणि संस्था उभ्या राहिल्या. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचं आवारही पळ्ळिकरणैलाच आहे, म्हणजे देशभरच्या वाऱ्याचं मोजमाप ठेवणारी संस्था आणि शहराचं पाणी धरणारी दलदल शेजारीशेजारी आहेत. २०२२ साली या दलदलीतल्या सुमारे १,२५० हेक्टरांना रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. उरलेलं तरी राखलं जाईल अशी आशा त्यामुळे वाटते. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळानं वेळचेरी-पळ्ळिकरणै भागात पाणी कित्येक दिवस तुंबून राहिलं. पाण्यानं आपली जुनी जागा पुन्हा घेतली, एवढंच मी त्याबद्दल म्हणेन.

आता ज्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय चेन्नईच्या पाण्याची गोष्ट पुरी होत नाही त्याच्याकडे वळतो. शेखर राघवन. भौतिकशास्त्राचे अभ्यासक. बेझंट नगरात राहणारे. नव्वदच्या दशकात त्यांना दिसलं की किनाऱ्याजवळच्या वस्तीत बोअरवेलचा उपसा वाढतो आहे आणि खालून समुद्राचं खारं पाणी आत सरकतं आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. गोडं उपसत राहिलं आणि वरून पाऊस आत गेला नाही की खारं वर चढतं. ते दारोदार फिरून सांगू लागले की छपराचं पाणी गटारात सोडू नका, जमिनीत सोडा. त्या काळी त्यांचं ऐकणारे थोडे होते. पुढे २००२ साली त्यांनी ‘रेन सेंटर’ उभं केलं. २००३ साली जयललिता सरकारनं अध्यादेश काढून राज्यातल्या प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचं केलं. जुनी घरंसुद्धा त्यातून सुटली नाहीत, आणि न करणाऱ्याची नळजोडणी तोडण्याची तरतूद ठेवली. पुढच्या काही पावसाळ्यांत शहरातल्या विहिरींची पातळी वर आली. कायद्याचा धाक आणि एका माणसाची पायपीट, दोन्ही लागलं.

मग २०१९ का आलं? एक तर २०१८चा ईशान्य मोसमी पाऊस फसला होता. आणि दुसरं, फार थोडे लोक बोलतात असं कारण म्हणजे देखभाल. २००३ साली मुदतीच्या आत दाखवण्यापुरते खड्डे पाडले गेले. फूटभर व्यासाच्या नळीत खडी भरली आणि काम संपलं. दोन पावसाळ्यांत ती गाळानं भरली. त्यानंतर पंधरा वर्षं तिच्याकडे कोणी वाकून पाहिलं नाही. खरा पुनर्भरणाचा उपाय म्हणजे तीन फूट रुंद, पंधराएक फूट खोल, सिमेंटच्या कड्यांची, तळ उघडा असलेली विहीर. छपराच्या पाइपाला जोडलेली, वर झाकण असलेली, दर वर्षी पावसाआधी उपसून साफ करता येणारी. तिच्यात माणूस उतरू शकतो, म्हणून तिची निगा राहते.

हजार चौरस फुटांचं छप्पर घ्या. चेन्नईच्या सरासरी पावसात त्यावर वर्षाला सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. वाया जाणारं सोडून लाखभर लिटर जमिनीत गेलं असं धरू. एवढंच पाणी समुद्रातून गोडं करायला साडेतीनशे युनिट लागतील. ती वीज कोळशाची असेल तर सत्तर-ऐंशी किलो राख मागे राहील, कारण एका युनिटाला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. उलट, तेच पाणी उथळ विहिरीत असेल तर दहा मीटर उचलायला हजार लिटरमागे, पंपाचा तोटा धरूनही, दहाव्या हिश्श्याएवढं युनिट पुरतं. बोअर शंभर मीटर खोल गेली की खर्च दसपट. म्हणजे पाण्याची पातळी वर ठेवणं हीच विजेची बचत आहे, आणि ती सगळ्या इमारतीला एकदम मिळते.

ही राख पडते कुठे, ते पाहायला शहराच्या उत्तरेला जावं लागतं. आपली वस्ती बहुतेक दक्षिणेला आणि मध्यभागी, म्हणून एन्नोरला आपल्यातले फार थोडे जातात. कोसस्थलैयार नदी जिथे समुद्राला मिळते ती एन्नोरची खाडी. कोळंबी, खेकडे, खारफुटी, त्यावर जगणारी कोळ्यांची गावं. १९७० साली तिथे पहिलं औष्णिक वीज केंद्र आलं, ते २०१७ साली बंद झालं. पण दरम्यान उत्तर चेन्नईचं केंद्र आलं, वल्लूरचं आलं, कोळसा उतरवायला बंदर आलं. ओडिशाच्या तालचेरचा कोळसा पारादीपहून जहाजानं तिथे येतो. राख पाण्यात कालवून नळ्यांतून तलावांकडे नेतात. त्या नळ्या फुटत आल्या, आणि राख खाडीच्या तळाशी साचत आली. जिथे होड्या चालत तिथे पाणी गुडघाभर झालं. मिचाँगच्या पुरात मनलीच्या औद्योगिक भागातलं तेल वाहून याच खाडीत आलं आणि कोळ्यांच्या जाळ्यांवर, होड्यांवर, खारफुटीच्या मुळांवर बसलं. समुद्राचं पाणी गोडं करणारा मीन्जूरचा प्रकल्पही काट्टुपळ्ळीला, म्हणजे याच टापूत आहे. वीजही तिथली, पाणीही तिथलं, आणि राहणीमान आपलं. विदर्भातल्या माणसाला कोराडी आठवेल. जुलै २०२२मध्ये तिथल्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नदीत गेली. शहर दुसरं, राख तीच.

गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१७च्या सुरुवातीला एन्नोरच्या खाडीत उभं राहून एक गाणं गायलं आणि कर्नाटक संगीताच्या श्रोत्यांना पहिल्यांदा त्या राखेकडे पाहायला लावलं. गायनाची अशी सेवा मी फार मोलाची मानतो.

इथे कोणी विचारेल की मग सगळी वीज सूर्याची आणि वाऱ्याची केली की झालं ना? मला तीच दिशा हवी आहे, आणि मनापासून हवी आहे. १९८६ साली देशातल्या पहिल्या पवनचक्क्या ज्या किनाऱ्यांवर उभ्या राहिल्या त्यात रत्नागिरी होतं आणि तुत्तुकुडीही. तामिळनाडू पुढे गेलं. आज इथे १०,००० मेगावॉटहून जास्त पवन ऊर्जा क्षमता आहे. जो नैर्ऋत्य वारा महाबळेश्वरला पाऊस देतो तोच पालघाटच्या आणि आरल्वायमोळीच्या खिंडींतून घुसून कोइंबतूर आणि मुप्पंदलच्या पवनचक्क्या फिरवतो. आपल्याकडे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, कोयनेच्या माथ्यावर, तोच वारा तेच काम करतो. पण हा वारा मे ते सप्टेंबरचा. त्या दिवसांत कधी कधी वीज इतकी होते की ती घ्यायला जागा नसते आणि चक्क्या थांबवाव्या लागतात. वीज साठवणं महाग आहे. पाणी साठवणं स्वस्त आहे. मग वाऱ्याच्या महिन्यांत समुद्राचं पाणी जास्तीत जास्त गोडं करून तलावांत ठेवता येईल, आणि इतर वेळी प्रकल्प कमीवर चालवता येतील. पडदे पूर्ण थांबवणं त्यांना सोसत नाही, पण कमी-जास्त करण्याला वाव असतो. या दिशेनं नियोजन व्हावं असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

तरीही स्वच्छ विजेला कोणाची तरी जमीन लागतेच, हे महाराष्ट्रानं फार आधी पाहिलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं आणि १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, सत्याग्रह केला. ती वीज आजच्या भाषेत पूर्णपणे स्वच्छ होती. गावं तरी बुडाली. म्हणून न वापरलेलं युनिट हेच मला सगळ्यात निर्मळ वाटतं. कोणाच्याही शेतात, खाडीत किंवा पठारावर त्याची किंमत पडत नाही.

न वापरलेलं युनिट आपल्या घरात कुठे आहे? चेन्नईत पंखा बाराही महिने फिरतो. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) ३० वॉट. तीन पंखे रोज पंधरा तास चालले तर वर्षाला सातशेच्या वर युनिट वाचतात. २०२० सालापासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, तसा नियम आहे. पंखा लावून तापमान २६वर ठेवलं तर या दमट हवेतही झोप लागते. आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर फेकतं, ते बादलीत धरून फरशीला वापरता येतं. गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्याला २०२४ सालापासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि इथल्या उन्हात एक किलोवॉट रोज सरासरी चार युनिट देतो. पॅनेल असो वा नसो, इमारतीचा पाण्याचा पंप संध्याकाळी सात वाजता चालवण्याऐवजी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान चालवायला कोणाचीच हरकत नसावी. त्या वेळी राज्यात सौर वीज भरपूर असते. सातला ती मावळलेली असते आणि एन्नोरच्या भट्ट्यांवर ताण येतो. वेळ बदलायला खर्च काहीच नाही, फक्त सोसायटीच्या सचिवांशी एकदा बोलावं लागतं.

पुनर्भरणाच्या विहिरीबद्दलही असंच बोलावं लागेल. आपल्या इमारतीत ती असेल तर सप्टेंबरात, पाऊस यायच्या आधी, झाकण उघडून गाळ काढा, आणि गच्ची झाडून घ्या, कारण गाळ तिथूनच येतो. नसेल तर वार्षिक सभेत विषय मांडा. सभेपुढे पाण्याच्या टँकरची, बोअरच्या वीजबिलाची आणि विहिरीच्या खर्चाची बेरीज एकाच कागदावर ठेवा. वेगवेगळ्या कागदांवर असल्या तर निर्णय होत नाही, हा सगळीकडचा अनुभव आहे.

आणि एक काम घराबाहेरचं आहे. एन्नोर-काट्टुपळ्ळी भागात नवा वीज संच किंवा बंदराचा विस्तार प्रस्तावित झाला की पर्यावरणीय मंजुरीसाठी जनसुनावणी ठरते. २००६च्या अधिसूचनेत ती पद्धत घालून दिलेली आहे. सुनावणीची जाहिरात वृत्तपत्रांत येते, प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, आणि लेखी म्हणणं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येतं. तिथे बोलायला कोळी बांधव दरवेळी येतात, रोजची मजुरी बुडवून येतात. ती वीज आणि ते पाणी वापरणारी माणसं मात्र तिथे नसतात. पुढची सुनावणी जाहीर होईल तेव्हा या सभागृहातल्या निदान काहींनी सकाळी लवकर निघून तिथे हजर राहावं, आणि आपण त्या विजेचे ग्राहक आहोत, आपलंही म्हणणं नोंदवून घ्या, असं सांगावं, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.